सर्व्हर बंद, पिशवी चालू

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘मेयो’ म्हटलं की इंदिरा गांधी. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, शिवाय छिंदवाडा-बालाघाटहून माणसं इथे येतात. बहुतेकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने केसपेपर, एक्स-रे, घडीवर फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड. आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेचा सगळ्यात भरवशाचा सर्व्हर म्हणजे ही पिशवी. हे कौतुक नाही, तक्रार आहे.

कारण ही पिशवी घरी राहावी म्हणूनच राज्याने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एचएमआयएस आणली होती. नोंदणीपासून तपासणीच्या रिपोर्टपर्यंत सगळं संगणकावर. अनेक वर्षं ती चालली. 2022 साली ती चालवणाऱ्या खासगी कंपनीबरोबरचा करार फिसकटला आणि सेवा थांबली. खिडकीवर पुन्हा पेन आणि रजिस्टर आलं. पुढे एनआयसीच्या ई-हॉस्पिटलची वाट धरली गेली.

जुनी सिस्टीम जायला नको होती, असं माझं म्हणणं नाही. सॉफ्टवेअर म्हातारं होतं, ते बदलावंच लागतं. माझा आक्षेप बदलण्याच्या रीतीला आहे. सिस्टीम आणताना उद्घाटन होतं, फीत कापली जाते. पण करार संपेल त्या दिवशी पेशंटच्या नोंदी कुठे, कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत पोचल्या पाहिजेत, हे कोण विचारतं?

2011पासून आपण मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलतो. नवा फोन घेतला की जुने फोटो आणि चॅट त्यात येतात. आले नाहीत तर आपण दुकानदाराशी भांडतो. मग रुग्णालयाने सॉफ्टवेअर बदललं की आईचा मागच्या वर्षीचा क्रिएटिनिनचा आकडा मागे राहिला, हे आपण गुपचूप कसं मान्य करतो?

‘जुना डेटा’ हा शब्दच फसवा आहे. विदर्भात सिकलसेल आहे, आणि तो जन्मभराचा आजार आहे. रात्री दोन वाजता कळांनी तळमळणारा मुलगा कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा निवासी डॉक्टरला विचारायचं असतं: आधी किती वेळा रक्त चढवलं? रिअ‍ॅक्शन आली होती का? हायड्रॉक्सीयुरियाचा डोस किती? ही उत्तरं पाच वर्षांपूर्वीची असली तरी त्या रात्री ती ताजीच असतात. पिशवी घरी विसरली असेल, तर नव्याने तपासण्या, नव्याने रांग आणि आणखी एक बुडालेली मजुरी.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: आता आभा आलं आहे. आभाचा 14 अंकी क्रमांक कामाचा आहे, पण तो क्रमांक आहे, नोंद नव्हे. रुग्णालयाने नोंद जपलीच नसेल, तर क्रमांकाला जोडणार काय?

दुसरं उत्तर खर्चाचं. जुना डेटा अस्वच्छ असतो, एकाच माणसाची चार नावं असतात, हे खरं आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी व्हिस्टा ही जुनी प्रणाली बदलायला 2018मध्ये करार केला. 2020मध्ये स्पोकेनपासून सुरुवात झाली आणि अडचणी इतक्या आल्या की 2023मध्ये पुढचा विस्तार थांबवावा लागला. पण बाकीच्या रुग्णालयांत व्हिस्टा चालू होती, म्हणून थांबायला पायाखाली जमीन होती. आपण आधी जमीन काढून घेतो आणि मग जिना बांधायला निघतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नवी सिस्टीम स्थिर होईपर्यंत जुनी निदान वाचण्यापुरती सुरू ठेवा. सगळं हलवता येत नसेल, तर निदान, अ‍ॅलर्जी, शस्त्रक्रिया, चालू औषधं आणि डिस्चार्ज कार्ड आधी हलवा. करारातच लिहा की कंपनीशी वाद झाला, बिल थकलं, तरी पेशंटचा डेटा अडणार नाही. आणि डेटा बाहेर काढून दाखवण्याची चाचणी दरवर्षी घ्या, करार संपायची वाट पाहू नका. केंद्राने आरोग्य नोंदींची मानकं 2013मध्येच आणली आणि 2016मध्ये सुधारली. तेव्हा नियम नव्हते, ही सबब चालणार नाही.

तुमच्या हातातही एक गोष्ट आहे. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर डॉक्टरने 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात. घरातलं कुणी भरती असेल तर मागा, लेखी मागा आणि मिळालेला कागद फोनमध्ये जपून ठेवा. पण तेवढ्यावर गप्प बसू नका. स्वतःचा इतिहास स्वतः सांभाळणं तुम्हाला जमेल. पिशवी घेऊन रात्रीच्या एसटीने नागपूर गाठणाऱ्या म्हातारीवर ते काम ढकलणं हा सरकारचा नाकर्तेपणा आहे.