आकड्याआधी कोरी नळी

गडचिरोलीच्या जंगलातील गावांत हिवताप अजून आहे. काहींच्या रक्तात त्याचे परजीवी इतके थोडे असतात की, ताप येत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखालीही ते सापडत नाहीत. डासांमार्फत रोग मात्र पसरू शकतो. असे परजीवी मोजण्यासाठी संशोधक संख्यात्मक पीसीआर वापरतात. तीत डीएनएचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे सुमारे १०७ कोटी. पण वाढ दुपटीऐवजी १.९ पटच झाली, तर होतात अवघे २३ कोटी! चूकही चक्रवाढीने वाढते.

म्हणून माझे मत असे की, नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घातलेली एक नळी, प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या आणि ज्ञात प्रमाणांवरून काढलेला आलेख, यांशिवाय आलेला आकडा स्वीकारूच नये. पाण्याच्या नळीतही परजीवी ‘सापडले’, तर दोष प्रयोगशाळेत आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी यासाठी मार्गदर्शक नियमही प्रसिद्ध केले. यात खर्च होतो, हे खरे. पण चुकीच्या आकड्यामुळे एखादे गाव औषधाविना राहिले तर?

विद्यार्थी मित्रहो, ही सवय शाळेतच लागते. लंबकाचा आवर्तकाल तीनदा मोजा आणि आलेला फरकही वहीत लिहा. शिक्षकांनीही त्या फरकाला गुण द्यावेत.