दोन रात्री मुरूडला

लग्नाला वीस वर्षे झाली आणि आम्ही दोघे पहिल्यांदाच अम्मींना मागे ठेवून दोन रात्री बाहेर राहिलो. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही भांडणही कुजबुजतच केले.

सोबत शेजारचे भाऊ-वहिनी. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, मुरूड. मासळीला जबिह्याचा प्रश्न नाही, त्यामुळे दोन्ही घरांनी सुरमई वाटून खाल्ली. राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलो. चहूकडे खारा समुद्र, आत गोड्या पाण्याचे तळे! वहिनी बघतच राहिल्या.

संध्याकाळी वाळूत बसून नव्या घराच्या गप्पा निघाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचा नंबर यायचाय. “आता भांडायला वेगळी खोली,” हे म्हणाले. सगळे हसले. मग भाऊंनी हळूच विचारले, “आपण एकाच मजल्यावर येऊ का हो?” कुणाकडेच उत्तर नव्हते.

रात्री अम्मींना फोन लावला. “जेवलात का?”

“कधीच. भाऊंच्या आई इथेच झोपल्यात. दार उघडंच आहे.”