व्हिजिटचे पैसे

भाजीवालीशी दोन रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणारा आपला मराठी माणूस दवाखान्यातून उठताना मात्र ‘किती झाले?’ हे दोन शब्द उच्चारायला घुटमळतो. सांगताना डॉक्टरही बहुधा घुटमळतात. या संकोचामागे मोठी परंपरा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उपचारांचा बाजार मांडणाऱ्या वैद्याला सोन्याची रास सोडून धुळीचा ढीग पत्करणारा म्हटले आहे, हे आपण ऐकून असतो. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, बरे झाल्यावर जो वैद्याची परतफेड करीत नाही, मग त्याने तसे कबूल केलेले असो वा नसो, त्याच्या दोषाला प्रायश्चित्त नाही. पहिले वचन आपल्या सोयीचे म्हणून लक्षात राहिले. दुसरे कोणी फारसे उच्चारीत नाही.

मांडवीच्या परिसरातील आमच्या घडियाळी पोळीत (महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना ‘आम्ही पोळीत राहतो’ म्हटले की अजूनही हसू फुटते) १९८० च्या आसपास डॉक्टरांची फी अशी कोणी वेगळी मोजीत नसे. कंपाउंडर बाटलीत लाल मिक्श्चर भरून देई, बाटलीला मात्रांच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे, पुड्या बांधलेल्या असत, आणि जे पैसे द्यायचे ते औषधाचे म्हणून दिले जात. त्यातच तपासणी, त्यातच धीर देणे, आणि पथ्य मोडल्याबद्दलची खरडपट्टीही त्यातच. डॉक्टर घरी आले तर त्यांची बॅग घरातल्या मुलाने जिन्यावरून पुढे न्यायची. तो मान पुष्कळदा माझ्या वाट्याला येई. तपासणी झाली, हात धुतले, चहा झाला की आजोबा घडी घातलेली नोट पुढे करीत आणि डॉक्टर ती न पाहताच खिशात टाकीत. ज्या घरी नोट निघणार नाही हे त्यांना ठाऊक असे, तेथे ते चहा संपण्यापूर्वीच उठत.

ही रीत सुंदर होती, यात शंका नाही. पण ती चालत होती, कारण डॉक्टर त्याच वस्तीत राहत. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे त्यांना आमच्याइतकेच कळे. आता डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाहून सकाळ-संध्याकाळ येतात, आणि पोळीतली तरुण मंडळी पुण्याला, बंगळूरला नाहीतर अमेरिकेत आहेत. ओळख पातळ झाली, संकोच मात्र तेवढाच दाट राहिला. रोग्याला वाटते जास्त घेतले, डॉक्टरांना वाटते कमी दिले, आणि बोलत कोणीच नाही.

वस्तुतः यात बोलण्यासारखे अपमानकारक काही नाही. ॲलोपथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यकीय परिषदेने २००२ साली केलेल्या आचारनियमांत फी दवाखान्यात स्पष्टपणे लावावी, उपचारापूर्वीच सांगावी, अर्ध्यावर नव्हे, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात फी घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. जेथे काहींकडून फी घेतात आणि गरिबांना मोफत तपासतात, तेथे त्या गरिबांनाही तो हक्क मिळाला. म्हणजे पावती मागणे हा अविश्वास नव्हे.

फीच्या पाटीला माझा एकच आक्षेप आहे. आमच्या सरकारी शाळेत येणाऱ्या मुलांचे पालक आकडा वाचून पायरीवरूनच परत फिरतात, आणि मूल चार दिवस तापाने घरी पडून राहते. सयाजीराव रुग्णालय किंवा मांडवीचे जमनाबाई रुग्णालय त्यांच्यासाठी आहे, हे खरे. पण तेथे रांगेत उभे राहायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आकड्याखाली ‘अडचण असल्यास सांगावे’ एवढी एक ओळ डॉक्टरांनी अवश्य लिहावी.

पण खरी चिंता व्हिजिटची आहे. जुन्या लाकडी घरांचे अरुंद, उभे जिने आपल्याला माहीत आहेत. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. रिक्षा पोळीच्या तोंडाशी थांबते, आणि तेथवर त्यांना खुर्चीत बसवून न्यायचे तर चार माणसे हवीत. अशा वेळी डॉक्टर वर येणे ही चैन नव्हे. आणि आपण त्यांना देतो काय? दवाखान्यात घेतात तेवढेच, किंवा ‘जाता जाता जरा वर डोकावून जा’ म्हणून तेवढेही नाही. त्या अर्ध्या तासात दवाखान्यात पाच-सहा रोगी तपासून झाले असते. मग डॉक्टर हळूहळू ‘घेऊन या’ म्हणू लागतात, आणि एक दिवस साध्या खोकल्यासाठी रुग्णवाहिका बोलवावी लागते. व्हिजिट बंद पडली तर दोष केवळ काळावर टाकता येणार नाही.

म्हणून फोन करतानाच विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, घरी येण्याचे किती द्यायचे?’ दवाखान्याच्या दुप्पट-तिप्पट सांगितले तरी मनात आणू नये. रक्तदाब-मधुमेहाचे रोगी घरोघरी आहेतच. चार-पाच घरांनी मिळून पंधरवड्याचा एक वार ठरवून घेतला, तर डॉक्टरांची खेप एकच होईल आणि फीही हलकी पडेल. परदेशातून रात्री अकराला आईचे रिपोर्ट फोनवर पाठवून सल्ला मागणाऱ्या चिरंजीवांनीही हे ध्यानात घ्यावे की, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवरील सल्ल्याचीही फी डॉक्टरांना घेता येते, आणि तिची पावती द्यावी लागते. सकाळी दहाला विचारले आणि फी आपणहून पाठवली तर उत्तरही सविस्तर मिळते.

डॉक्टर येणार असतील त्या दिवशी जिन्यातला दिवा लावून ठेवावा. जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि मागचे रिपोर्ट एका पिशवीत खाटेजवळ असावेत. कोणीतरी पोळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे, आणि पैसे पाकिटात घालून आधीच आजींच्या उशाशी ठेवावेत, म्हणजे ते त्यांना स्वतःच्या हाताने देता येतील.