पायाकडे न पाहणे हा जोखीम-घटक कोणत्या तक्त्यात आहे?

आपल्याकडच्या विज्ञानवार्तांमध्ये एक ठरावीक साच्याची बातमी अधूनमधून येते. एखाद्या मोठ्या रुग्णालयात मधुमेही पादव्रणाचे काहीशे रुग्ण अभ्यासले जातात, त्यांपैकी किती जणांचा पाय कापावा लागला हे मोजले जाते आणि ‘अंगच्छेदनाचे जोखीम-घटक निश्चित’ असा मथळा झळकतो. यादी बहुधा तीच : वय, पुरुष असणे, मधुमेहाची वर्षे, अनियंत्रित साखर, धूम्रपान, मूत्रपिंडाचा विकार, पायाचा मंदावलेला रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, जखमेची खोली. वाचकाने हळहळावे, गोड कमी खाण्याचा निश्चय करावा आणि पुढच्या बातमीकडे वळावे. या यादीतील एकही नोंद खोटी नाही. तरीही तिच्यावर माझा आक्षेप आहे, कारण ती जिथून सुरू होते तिथे पाय जवळजवळ गेलेलाच असतो.

मी वैद्यक नाही. पदार्थविज्ञानात संशोधन करतो. उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही, पण आकडेमोड कुठे आपलीच शेपटी धरून फिरते हे दाखवण्याचा निश्चित आहे. पोस्ट लांबणार आहे. विद्यार्थ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

वॅग्नर श्रेणीचे उदाहरण घ्या. पादव्रणाची तीव्रता मोजण्याची ही शून्य ते पाच अशी जुनी पट्टी आहे. शून्य म्हणजे कातडी अखंड; तीन म्हणजे आत पू किंवा हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग; चार म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाला कोथ, म्हणजे गँग्रीन; पाच म्हणजे सबंध पावलाला. आता एखादा शोधनिबंध मोठ्या गांभीर्याने सांगतो की चौथ्या-पाचव्या श्रेणीच्या रुग्णांत अंगच्छेदनाचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. अहो, सडलेले पाऊल कापतात, ही त्या श्रेणीच्या व्याख्येतच दडलेली गोष्ट आहे. तिला विश्वासार्हतेची मर्यादा आणि पी-मूल्य जोडल्याने ती शोध ठरत नाही. जळून गेलेली घरे अधिक कोसळतात, असे म्हणण्यासारखेच हे आहे. आग कुठे लागली आणि पाणी कोणी आणले नाही, हा प्रश्न तक्त्याबाहेरच राहतो.

तो प्रश्न विचारणारा अभ्यास १९९० सालीच प्रसिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील सिअॅटल येथे पेकोरारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या ८० अंगच्छेदनांचा मागोवा उलट दिशेने घेतला : पाय कापला त्याच्या आधी काय झाले होते, आणि त्याच्याही आधी काय? त्यांना कारणांच्या २३ निरनिराळ्या साखळ्या सापडल्या. ८४ टक्के प्रकरणांत व्रण हा त्या साखळीतला दुवा होता, ८१ टक्क्यांत आरंभीची क्षुल्लक इजा. ८० पैकी ६९ अंगच्छेदनांच्या आधी एक ओळखता येण्याजोगी आणि बहुधा टाळता येण्याजोगी घटना घडलेली होती. चपलेचा चावा, खडा, नख काढताना लागलेले पाते अशा स्वरूपाची ही इजा असते. साखळीचा धर्म असा की ती कुठेही तोडली तरी पुढचे टळते. आणि स्वस्तात तोडायची तर अगदी आरंभीच. वय आणि लिंग बदलता येत नाही. वीस वर्षांचा मधुमेह पुसता येत नाही. चपलेतला खिळा मात्र काढता येतो.

खिळा टोचल्याचे कळत का नाही, याचे उत्तर भारतात सापडले होते, आणि तेही मधुमेहाच्या संदर्भात नव्हे. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले अस्थिशल्यविशारद पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करीत होते. त्या रोगात हातापायांचे मांस आपोआप झडते, अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की झडत काहीच नाही. चेतातंतू बधिर झालेला माणूस स्वतःच्या पायाला नकळत इजा करीत राहतो. आपण निरोगी माणसे चालताना पायाचा एखादा भाग हुळहुळू लागला की अजाणता भार दुसरीकडे सरकवतो. बधिर पावलाला ही सोय नाही. तो माणूस त्याच बिंदूवर, तेवढ्याच दाबाने, हजारो वेळा पाऊल टाकतो. प्रत्येक वेळचा दाब मुळीच असह्य नसतो. घात करते ती पुनरावृत्ती. धातूची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवून तोडलेल्या कोणालाही हे समजावे. तळव्यावर आधी घट्टा येतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि वरून सारे ठीक दिसत असताना आत व्रण तयार होतो. पुढे ब्रँड अमेरिकेत कारव्हिल येथे गेले आणि कुष्ठरोगातील हेच ज्ञान मधुमेही पावलाच्या उपचारात उतरले. कुष्ठरुग्णांसाठी आपल्याकडे वापरात आलेली सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल हे त्याच विचाराचे अपत्य. ज्या देशात हे उमगले, त्याच देशात मधुमेह्याचे पाऊल आज कोणी हातात घेत नाही.

बधिरता ओळखायला लागते काय? नायलॉनचा एक तंतू. या तंतूमागचे विज्ञान मला फार प्रिय आहे. बारीक सरळ दांडी टोकावर दाबली तर एका ठरावीक बलापर्यंत ती ताठ राहते आणि मग एकदम वाकते. वाकल्यावर तुम्ही आणखी दाबलेत तरी टोकावरचे बल फारसे वाढत नाही. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर यांनी मांडले. तंतूची लांबी आणि जाडी अशी निवडतात की तो बरोबर दहा ग्रॅम भाराला वाकावा. म्हणून तपासणाऱ्याचा हात जड असो की हलका, मोजमाप तेच. तळव्यावरचा तो स्पर्श रुग्णाला जाणवला नाही, तर त्याचे संरक्षक कवच गेले असे समजावे. वीज नको, बॅटरी नको, अॅप नको. याच्या तुलनेत घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढण्याची प्रतिष्ठित चाचणी मधुमेह्यांत पुष्कळदा फसवते : धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटाच उत्तम येतो.

आता आपल्या अग्रक्रमांकडे पाहू. आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाने २०२३ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. सरकारच्या घरोघर पोहोचणाऱ्या चाचणी-कार्यक्रमात तीस वर्षांवरील नागरिकांचा रक्तदाब, साखर आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी आहे. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र साखर सापडलेल्या माणसाचा पाय त्या यादीत नाही. वर्षातून एकदा पाय तपासावा, असे प्रत्येक मार्गदर्शिका सांगते. पण मोजले जाते ते साखरेचे. आणि जे मोजले जात नाही ते सरकारी अहवालात घडतही नाही.

बातम्यांचे तर विचारूच नका. २०२२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभियंत्यांनी त्रिमितीय मुद्रणाने एक पादत्राण बनवले. मर्यादेपलीकडे दाब आला की त्यातल्या कमानी झटक्याने उलटतात आणि तो भार दुसरीकडे जातो. कल्पना देखणी आहे आणि त्या संशोधकांविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार बातमीदारीशी आहे. असे पादत्राण कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी आधी कोणाचा पाय बधिर आहे हे कळावे लागते, आणि ते कळण्याची व्यवस्था नाही, हे वाक्य या प्रकारच्या बातम्यांत मला आजवर दिसलेले नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘रुग्णच ऐकत नाहीत’. दोन प्रयोग सांगतो. २००१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी तळव्याचे व्रण असलेल्या मधुमेह्यांच्या तीन गटांची तुलना केली. न काढता येणारे, पायाला सर्वांगी चिकटून बसणारे प्लास्टर घातलेल्यांत बारा आठवड्यांत सुमारे ९० टक्के व्रण भरले. काढता येणाऱ्या आधार-बुटात ६५ टक्के. पुढे त्यांनीच मोजले की काढता येणारा बूट रुग्ण आपल्या रोजच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलांनाच घालतात. ही बेफिकिरी नव्हे. ज्याला दुखत नाही त्याला बूट घालण्याची आठवण कोण करून देणार? वेदना हीच ती आठवण होती. तेव्हा ‘असहकार’ हा जोखीम-घटक म्हणून नोंदवणे म्हणजे रोगाच्या लक्षणाला रुग्णाचा दोष म्हणणे होय.

हे आपल्याला जमण्यासारखे नाही असेही नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पाय तपासण्याचे, घट्टे काढण्याचे, जखम वेळीच ओळखण्याचे प्रशिक्षण द्यायचे, एवढाच त्याचा गाभा. त्यात नवे यंत्र कोणतेच नव्हते; कदाचित म्हणूनच त्याचा गाजावाजा झाला नाही.

माझे थोरले काका चौदा वर्षे एका दवाखान्यात साखर दाखवायला जात. आपल्याकडे दवाखान्याच्या दाराशी चपला काढून आत जाण्याची रीत आहे. म्हणजे रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तोच मुळी अनवाणी! पाय उघडे असतात, टेबलाखाली. चपला बाहेर असतात, झिजलेल्या टाचेसकट, वर आलेल्या खिळ्यासकट. चौदा वर्षांत त्या टेबलाखाली कोणी वाकले नाही. डाव्या तळव्याची जखम काकूंना दिसली ती फरशीवर डाग पडले म्हणून. मग गुडघ्याखाली पाय गेला. मोठ्या रुग्णालयाच्या कागदावर त्यांचे जोखीम-घटक लिहिलेले आहेत : पुरुष, वय ६६, वॅग्नर चार.

गुडघ्याखालून किंवा वरून पाय गेलेल्या मधुमेह्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे पाच वर्षांत दगावतात, आणि उरलेल्या पायालाही तोच धोका असतो. म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांच्या उजव्या पायाची इप्सविच चाचणी केली. घरात मधुमेही असेल तर आजच करा. त्यांना डोळे मिटायला सांगा. अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तुमच्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या नकोत. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचे. दोन्ही पावलांच्या सहा बोटांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे धरून डॉक्टरांकडे जा आणि खुर्चीत बसल्या-बसल्या पाय वर घेऊन दाखवा.

काकांची तीन बोटे झाली. ते डोळे मिटूनच होते. थोड्या वेळाने म्हणाले, “कर ना सुरू.”