काड्यांपासून रोबोटपर्यंत

प्राथमिक शाळेतले रोबोटिक्स हा या अंकाचा विषय, आणि तो आम्ही लोहारा तालुक्यातल्या सास्तूरहून पाहायचे ठरवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात इथली दगडमातीची, माळवदाची घरे माणसांवर कोसळली. भिंत का पडते, हा प्रश्न इथल्या मुलांकडे आजी-आजोबांकडून आलेला आहे. विज्ञानाचा याहून जवळचा धडा कुठे शोधायचा?

असे धडे हाताने करून शिकण्यासाठी शाळांत असलेल्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळा सहावी ते बारावीसाठी आहेत. हाताला वळण लागते ते त्याआधीच, म्हणून पहिली ते पाचवीची मुले मागे राहणे आम्हाला खटकते. ‘फर्स्ट लेगो लीग’ या रोबोटिक्स उपक्रमात सहा वर्षांची मुलेही गटाने यंत्रे जुळवतात, पण त्यासाठी लागणारे संच महाग. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञान प्रकल्पात आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर सांगाडे उभे केले. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण ढिम्म हलत नाही. दुसरीतल्या पोरालाही हे हाताने कळते. एकाने ट्यूब कापायची, दुसऱ्याने सांगाडा धरायचा, तिसरीने टेबल हलवून तो पडतो का ते पाहायचे. गटाने काम करणे म्हणजे हेच. मोटार आणि सेन्सर अशा सांगाड्यावर चढवता येतात, आणि ते शाळांना मिळालेच पाहिजेत.

जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींनी, बाईंनी आणि पालकांनी आपल्या वर्गात काय जमले, काय फसले, ते आम्हाला जरूर लिहावे. निवडक पत्रे मुलांनी काढलेल्या आकृत्यांसह पुढच्या अंकात छापू.