अंगारा सोडला, सुई धरली

थंडी पडली की वस्तीत घरोघरी एकच तक्रार असते. घसा धरला, घास गिळवत नाही. मग आई लेकराला घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जाते आणि दारातूनच सांगते, "डॉक्टर, एक सुई टोचून द्या." सुई मिळाली की तिचे समाधान होते. ज्याने सुई न देता नुसत्या गुळण्या सांगितल्या, तो डॉक्टर वस्तीत 'कामाचा नाही' ठरतो. तेवढाही वेळ नसेल तर मेडिकलवरून घशाच्या दोन गोळ्या आणल्या जातात.

मी बरीच वर्षे नर्स होते. अशा सुया मीही टोचल्या आहेत, म्हणून हे लिहिणे माझी जबाबदारी समजते. १९५६ साली बाबासाहेबांच्या शब्दावर आपल्या आजी-आजोबांनी अंगारे-धुपारे सोडले. पण मला वाटते, अंगाऱ्याची जागा आपण सुईला दिली. ती कशाची होती, का टोचली, हे आपण विचारत नाही. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. घशाच्या बाबतीतही तीच पारख हवी.

घसा दुखण्याचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतो. लहान मुलांतही दहापैकी सात-आठ वेळा तसेच असते, मोठ्या माणसांत त्याहून जास्त. सोबत नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो. या घशावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. तो आठवडाभरात आपोआप बरा होतो आणि आपण श्रेय गोळीला देतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, भरपूर पाणी, गरम वरण किंवा पेज, आणि दुखणे-तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरे. मुलांना गोळी वजनाप्रमाणे, विचारूनच द्यावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. पडजीभ पडली म्हणून कुणाकडून घशात बोट घालून घेऊ नये.

उरलेल्या दोन-तीन मुलांचा घसा मात्र वेगळा असतो. तो स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जीवाणूमुळे दुखतो. वय बहुधा ५ ते १५. घसा एकाएकी दुखू लागतो, ताप चढतो, पण सर्दी-खोकला नसतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी लागतात, टॉन्सिल लाल होऊन त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. या घशाला अँटिबायोटिक लागते आणि ते पूर्ण लागते.

वस्तीतली दहा वर्षांची एक मुलगी मला आठवते. एका हिवाळ्यात तिचा घसा तीनदा धरला. तिन्ही वेळा सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या झाल्या. काही आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळले. पुढच्या वर्षी ती शाळेच्या पायऱ्या चढताना धापा टाकू लागली, तेव्हा तपासणीत कळले की हृदयाची झडप खराब झाली आहे. तिची माय मला म्हणाली, "सिस्टर, घसा तर साधाच होता न."

घसा साधाच होता. पण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. जीवाणूशी लढायला शरीराने उभी केलेली फौज चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर चाल करते. सांधे बरे होतात, झडप पुन्हा पहिल्यासारखी होईलच असे नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तर हे सारे टळू शकते. पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन दहा दिवस, नाहीतर लांब काम करणाऱ्या पेनिसिलीनची एकच सुई. म्हणजे सुई वाईट नाही. ती योग्य घशाला, योग्य औषधाची हवी, आणि रिअॅक्शन आली तर सांभाळण्याची सोय असेल तिथेच घ्यावी. काही ठिकाणी सुईत स्टिरॉइड देतात. त्याने दुखणे लवकर उतरते, जीवाणू मात्र तसाच राहतो.

हा आजार आपल्याच वस्तीत का येतो? कारण एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात आणि जीवाणू खोकल्यातून, श्वासातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन येण्याआधीच संधिवाताचा ताप कमी होऊ लागला होता. घरे सुधारली, गर्दी कमी झाली, हे त्याचे एक मोठे कारण मानतात. म्हणून घरकुलाची मागणी ही आरोग्याचीही मागणी आहे.

आयाबाया मला विचारतात, "ताई, सरकारी दवाखान्यात गेलं की रोज बुडते, मग काय करावं?" त्यांचे खरे आहे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि औषध मोफत आहे. उपकेंद्र गावाजवळ आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असायला हवा. तो नसेल, औषध नसेल, तर एकट्या बाईने परत फिरू नये. विहारात रविवारी वंदनेला जमतो, तेव्हा दहा जणींनी सह्या करून ग्रामपंचायतीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला अर्ज द्यावा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्या तपासणीत हृदयाचा हा आजारही आहे. त्या दिवशी मुलाला घरी किंवा वावरात ठेवू नका. झडप खराब निघालीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया होते, आणि दर तीन आठवड्यांची पेनिसिलीनची सुई वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. ती एकदाही चुकवू नये.

दवाखान्यात "सुई द्या" म्हणण्याऐवजी "टॉर्च लावून घसा बघा, मान चाचपून बघा" असे म्हणा. गोळी दिली तर विचारा, ही अँटिबायोटिक आहे का, किती दिवस घ्यायची? पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. दिले तेवढे दिवस पूर्ण घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत.

मूल लाळ गाळत असेल, पाणीही गिळत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, मान सुजली असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल, तर १०८ ला फोन करा. हा घटसर्प असू शकतो. त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, ५ ते ६ व्या वर्षी, आणि पुढे १० व १६ व्या वर्षी मिळते. कार्ड काढून आजच बघा. आणि खर्रा खाणाऱ्या, बिडी ओढणाऱ्या मोठ्या माणसाचा घसा किंवा आवाज तीन आठवडे सुधारला नाही, तर गुळण्यांवर न थांबता कॅन्सरची तपासणी करून घ्यावी.

ती मुलगी आता दर एकवीस दिवसांनी सुई घ्यायला येते. पहिल्याच वेळी कुणी टॉर्च लावून तिचा घसा नीट बघितला असता आणि औषध पूर्ण दिले असते, तर बहुधा ही वेळ तिच्यावर आली नसती.

जय भीम!