पहारा उठविण्याचे अर्थकारण

१ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि अकोल्याच्या किंवा पाथर्डीच्या शेतकऱ्याचे उताऱ्यासाठीचे हेलपाटे कमी झाले. विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज, पतसंस्थांची खाती, नगरपालिकांची करआकारणी हे सारे आता वेब सर्व्हरच्या स्वाधीन झाले आहे. मात्र त्या सर्व्हरवर पहारा आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही.

यांपैकी पुष्कळ यंत्रे लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या रेड हॅट कुळात एसई-लिनक्स नावाची व्यवस्था मुळातच चालू असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती डिसेंबर २००० मध्ये सर्वांस खुली केली. तिचे तत्त्व साधे आहे : प्रत्येक प्रक्रियेला व प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी लावावयाची, आणि ज्याची स्पष्ट मुभा नाही ते नाकारावयाचे. वेब सर्व्हरने वेबसाठी चिठ्ठी लावलेल्याच फाइली वाचाव्यात, ठरवून दिलेल्याच स्क्रिप्ट चालवाव्यात. सर्व्हरमध्ये चोर शिरलाच, तरी त्याचा वावर एका खोलीपुरता राहतो.

अडचण येते ती नवी स्क्रिप्ट बसविताना. फाइलचे नेहमीचे परवाने बिनचूक दिसतात, तरीही यंत्र नकार देते. बिचारा तंत्रज्ञ गोंधळतो, आणि त्याला दोष देणे सोपे आहे. खरा उपाय नोंदवहीत असतो : कोणती कृती अडली ते तेथे लिहिलेले असते. चिठ्ठी चुकली असेल तर ती दुरुस्त करावी, डेटाबेसशी जोडणी हवी असेल तर तेवढीच मुभा द्यावी. प्रत्यक्षात पुष्कळदा एका आज्ञेने सारा पहाराच उठविला जातो. दाराचे कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे झाले.

असे का व्हावे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोडे वाटू नये. कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला जाते आणि देयक संकेतस्थळ चालू झाले की मिळते, ते सुरक्षित आहे म्हणून नव्हे. पहारा उठविण्याने वाचणारा वेळ कंत्राटदाराचा, धोका मात्र खातेदाराचा. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, तो काटकसर कशासाठी करील?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथील कारण वेगळे होते. बनावट यंत्रणेने एटीएमच्या व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली. परंतु नेमून न दिलेले काम एखाद्या प्रोग्रॅमला बिनदिक्कत करता आले, की किती मोठी रक्कम जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये संगणकाच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. नोंदी जपल्या जातीलही. त्या वाचणाऱ्याच्या पगाराची तरतूद कोणत्या अंदाजपत्रकात आहे? निविदेत एकच अट वाढविता येईल : काम ताब्यात घेताना पहारा चालू असल्याचे दाखवावे आणि दिलेल्या प्रत्येक सवलतीचे कारण लेखी द्यावे, तोवर अखेरचा हप्ता देऊ नये.